सख्खे, परके आणि अर्धे

२० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा हॉस्पिटलात नऊ वर्षांच्या एका मुलीच्या शिरेतून तिच्या भावंडाची अस्थिमज्जा सोडण्यात आली. मुलीला मायलॉइड प्रकारचा रक्ताचा कर्करोग होता. भारतातले हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण, असे त्या दिवसाबद्दल सगळीकडे लिहिलेले सापडते, आणि ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांचे नाव त्या तारखेशी कायमचे जोडले गेले आहे. कराचीत जन्मलेला, फाळणीनंतर घाटकोपरच्या निर्वासित छावणीत वाढलेला, आठव्या वर्षी पोलिओ होऊन चाकाच्या खुर्चीत बसलेला हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकला आणि पुढे अमेरिकेत सिअ‍ॅटलला जाऊन डॉ. डॉनल थॉमस यांच्या हाताखाली हे तंत्र आत्मसात करून परळला परतला. ही गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे, तिच्यात मी भर घालणार नाही.

मला अडवणारा शब्द वेगळाच आहे: ‘यशस्वी’. मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे असा शब्द दिसला की पेन्सिल हातात येते. यशस्वी कधी ठरले? मज्जा रुजली त्या दिवशी, रुग्ण घरी गेला त्या दिवशी, की पाच वर्षांनी? आणि दाता सख्खा भाऊ नसता, कोणी परका असता, आई असती, तर यशाचे माप तेच राहिले असते का? गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी या प्रश्नांची उत्तरे शोधली. त्या शोधात दात्याच्या नात्याची सगळी उतरंड दोनदा उलटीपालटी झाली. त्याचा हा इतिहास. सुरुवात परळपासूनच करतो, कारण परळचा या रोगाशी संबंध १९८३ च्या फार आधीचा आहे.

१९३१ च्या जूनमध्ये सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई वेल्समधल्या एका रुग्णालयात ल्युकेमियाने वारल्या. दोराबजींनी १९३२ साली त्यांच्या नावाने न्यास स्थापन केला, तो मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. त्या काळी हा रोग म्हणजे निदान आणि त्यानंतर मरण, मध्ये काही नाही. पत्नीच्या आजारावर इलाज शोधण्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांना पैसे देणारा हा न्यास निघाला आणि काही आठवड्यांतच दोराबजी स्वतःही गेले. परळचे रुग्णालय उभे राहायला २८ फेब्रुवारी १९४१ उजाडली.

दुसरा धागा हाफकिनचा. टाटापासून पायी काही मिनिटांवर, जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगच्या लशीसाठी आलेली ही संस्था. १९२८ च्या सुमारास तिथे ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे: रक्तातल्या लाल पेशी कमी, पण प्रत्येक पेशी नेहमीपेक्षा मोठी. लोह देऊन उपयोग होत नव्हता. विल्सबाईंनी त्यांच्या घरात काय शिजते ते पाहिले, प्रयोगशाळेत उंदरांवर आणि माकडांवर तसाच निकस आहार लावून पाहिला, आणि शेवटी इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने बायका बऱ्या होतात हे दाखवले. १९३१ साली ते छापून आले. त्या अर्कातला अनामिक घटक म्हणजेच पुढे फोलिक अ‍ॅसिड ठरला.

याचा ल्युकेमियाशी संबंध असा. पेशी वाढायला फोलिक अ‍ॅसिड लागते, मग त्याची नक्कल करून पेशीला फसवले तर? आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेडर्ले कंपनीत अशी फसवी रेणुरचना बनवली, आणि बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ती ल्युकेमियाच्या मुलांना दिली. १६ पैकी १० मुलांत रोग मागे हटल्याची नोंद त्यांनी १९४८ मध्ये केली. तो टिकला नाही, काही महिन्यांत परत आला. पण ल्युकेमिया औषधाने मागे हटू शकतो हे पहिल्यांदा दिसले, आणि त्याचे एक मूळ परळच्या गिरणीकामगार बायकांच्या ताटात होते. लालबाग-परळच्या इतिहासात संपांची, सभांची, शाहिरांची पाने पुष्कळ आहेत. हे पान त्यात कुठे दिसत नाही याची मला खंत वाटते.

‘मागे हटणे’ आणि ‘बरे होणे’ यांतला फरक फार्बर यांच्या मुलांनी दाखवून दिला होता. तिथून प्रत्यारोपणाची कल्पना पुढे आली: रोगट मज्जा किरणोत्सर्गाने आणि औषधांनी पूर्ण जाळून टाकायची आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा त्या जागी लावायची. प्रत्यारोपणाला आपण सर्रास शस्त्रक्रिया म्हणतो, पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर शस्त्र कुठेच नाही. दात्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात, गाळतात, पिशवीत भरतात आणि रक्त चढवतात तशी चढवतात. मूळपेशी आपली वाट शोधत हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात. दोन-तीन आठवड्यांनी नव्या पेशी रक्तात दिसू लागल्या की मज्जा ‘रुजली’ असे म्हणतात. शेतकरी शब्द आहे आणि चपखल आहे.

थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले, कोणीही शंभर दिवसांपुढे जगले नाही. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियातल्या व्हिंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. सहा जणांवर किरणांचा मारा झाला. त्यांना पॅरिसला नेले आणि जॉर्ज माते यांनी त्यांच्यापैकी पाच जणांना अनोळखी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. एक दगावला, बाकीचे वाचले. जगभर गाजावाजा झाला. पण काही काळाने दिसले की परकी मज्जा त्यांच्या शरीरात टिकलेलीच नव्हती, त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा जागी झाली होती. मग परक्या मज्जेने मधल्या काळात तारले, की तिच्यावाचूनही ते वाचले असते? तुलनेला तसेच भाजलेले पण मज्जा न दिलेले लोक नव्हते, त्यामुळे हा वाद संपला नाही. १९७० साली मॉर्टिमर बोर्टिन यांनी तोवर जगात झालेल्या दोनशेहून अधिक प्रत्यारोपणांची जंत्री केली. बहुतेक रुग्ण दगावले होते. अनेकांनी हा नाद सोडला.

नाद न सोडणाऱ्यांना मदत झाली ती फ्रान्सच्या झाँ दोसे यांची. १९५८ पासून त्यांनी पांढऱ्या पेशींवरच्या ज्या खुणा शोधल्या, त्यांना आज एचएलए म्हणतात. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो सुशिक्षित घरांतही आढळतो. ‘रक्तगट जुळला’ म्हणजे हे जुळणे नव्हे. रक्तगटाच्या इतिहासात परळचा मान मोठा आहे. केईएममध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी, रेल्वे अपघातातला एक जखमी आणि सुरीहल्ल्यातला एक जखमी यांना कोणाचेच रक्त चालेना म्हणून शोध घेतला आणि १९५२ साली ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे ठेवला. पण मज्जारोपणात रक्तगट वेगळा असला तरी चालवून घेता येतो. गंमत म्हणजे मज्जा रुजली की रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. एचएलए मात्र जुळावे लागते, आणि त्याचे गणित घरातच मांडता येते.

एचएलएच्या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. आईजवळ दोन संच, वडिलांजवळ दोन, म्हणजे मुलांसाठी चारच जोड्या. सख्खे भावंड तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. एक भावंड असेल तर २५ टक्के, दोन असतील तर जवळपास ४४, तीन असतील तर ५८, पाच असतील तर ७६. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा मुले असण्याचा एकुलता एक वैद्यकीय फायदा कोणता असेल तर हा.

१९८३ साली परळच्या चाळींत तशी घरे भरपूर होती. त्या मार्चमध्ये गिरण्यांचे भोंगे मात्र बंद होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाला चौदा महिने उलटले होते आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरची चूल कशी पेटत होती ते त्यांचे त्यांना ठाऊक. आज चित्र पालटले आहे. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांना शिव्याशाप मिळाले. शंभर वर्षांनी त्यांचे म्हणणे घराघरात पोचले, ते योग्यच झाले. त्याबरोबर सख्खा दाता दुर्मीळ झाला, हा त्यातला कोणाच्याही ध्यानात न आलेला उपपरिणाम.

तर पहिली उतरंड ही अशी होती: जुळे भावंड सर्वात उत्तम, मग जुळणारे सख्खे, मग बाकी सगळे, म्हणजे जवळजवळ कोणी नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत सगळेच सारखे. शरीराला परकेपणा कळणारच नाही. तर्क बिनतोड होता.

आकड्यांनी तो तोडला. थॉमस यांच्या गटाने १९५९ मध्येच जुळ्या भावंडांची मज्जा वापरून पाहिली होती. मज्जा छान रुजली, पण थोड्याच काळात रोग परतला. १९७० च्या दशकात थॉमस यांनी, बाकी सगळे उपाय थकलेल्या १०० रुग्णांचा हिशेब दिला: १३ जण एक ते साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त जिवंत. तेरा हा आकडा आज लहान वाटेल, पण त्याआधीचा आकडा शून्याच्या आसपास होता. मग १९७९ साली त्याच गटाने दाखवले की ज्या रुग्णांत दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला चढवला, म्हणजे त्वचा, आतडी, यकृत यांना त्रास दिला, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचे प्रमाण कमी होते. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदणीतल्या २२५४ रुग्णांचे विश्लेषण आले आणि चित्र पक्के झाले. जुळ्याची मज्जा घेतलेल्यांत रोग जास्त परततो. सख्ख्या पण जुळा नसलेल्या भावंडाची घेतलेल्यांत कमी. आणि ज्यांना त्या हल्ल्याचा त्रास झाला त्यांच्यात सर्वात कमी.

म्हणजे औषध फक्त आधीची जाळपोळ नव्हती. दात्याच्या पेशी रुग्णाच्या उरल्यासुरल्या कर्करोगी पेशी परक्या म्हणून ओळखत होत्या आणि मारत होत्या. जुळा भाऊ इतका आपला की त्याला घरातला शत्रूही आपलाच वाटतो. मराठी माणसाला भाऊबंदकी हा शाप वाटत आला आहे. इथे तिची मर्यादित मात्रा हाच उपाय होता, फक्त मात्रा कशी मोजायची हे कोणाला माहीत नव्हते. जास्त झाली तर रुग्ण ल्युकेमियाने नव्हे, भावाच्या पेशींनी मरत असे.

इथून मोजण्याचे खरे संकट सुरू होते. दोन प्रकारच्या मरणांचा एकच आकडा करायचा की दोन? रोग परतून गेलेला आणि उपचारांनी गेलेला, दोघेही गेलेच. पण कोणता दाता चांगला हे ठरवायचे तर दोन्ही वेगळे मोजायला हवेत, कारण एक उतरला की दुसरा चढतो. आणि जो जगला पण कायमचा त्वचेच्या आणि यकृताच्या दुखण्यात अडकला, तो यशात धरायचा का? अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या डॉक्टरांनी २०१५ साली कडक कसोटी लावली: जिवंत, रोग परतलेला नाही, आणि दात्याच्या पेशींचा गंभीर त्रासही नाही. त्यांच्या ९०७ रुग्णांपैकी वर्षाअखेरीस या तिन्ही अटींत बसणारे निघाले ३१ टक्के. ‘यशस्वी’ शब्दाची एवढी किंमत होते, आणि मला ती प्रामाणिक वाटते.

त्याहून जुने आणि सूक्ष्म कोडे म्हणजे तुलना कोणाशी करायची. प्रत्यारोपण झालेले आणि नुसती औषधे घेतलेले यांची तुलना केली की प्रत्यारोपण नेहमी भाव खाते. कारण प्रत्यारोपणाच्या टेबलापर्यंत पोचायला रुग्णाला काही महिने जगावे लागते. जे आधीच गेले ते दुसऱ्या खात्यात जमा होतात. परक्या दात्याच्या बाबतीत तर ही फसगत अधिक, कारण नोंदणीत दाता शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळात कणखर तेवढेच टिकतात. १९९१ साली ब्रिटनचे रिचर्ड ग्रे आणि कीथ व्हीटली यांनी यावर तोडगा सुचवला. प्रत्यारोपण कोणाचे झाले हे पाहूच नका. ज्यांचे सख्खे भावंड जुळते ते सगळे एका बाजूला, ज्यांचे जुळत नाही ते दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंचे निकाल पाहा. भावंड जुळणे ही गर्भातच पडलेली चिठ्ठी. डॉक्टरने निवडलेली नाही, श्रीमंतीवर अवलंबून नाही. मेंडेलने केलेली सोडत असे त्यांनी तिला म्हटले, आणि आज हृदयरोगापासून मधुमेहापर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या या युक्तीचे नाव ल्युकेमियाच्या भावंडांवरून पडलेले आहे. वर्गात हे सांगताना मुले हमखास मान वर करत.

परळला मात्र सोडत नीट पडली तरी निकाल ऐकायला माणूस जागेवर असेलच असे नाही. जगण्याचा आलेख काढतात तो १९५८ साली कॅप्लान आणि मायर यांनी सुचवलेल्या रीतीने. एक रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत जाते, प्रत्येक मृत्यूला एक पायरी. ज्याचा पत्ता लागत नाही त्याला त्या दिवशी हिशेबातून बाजूला काढतात आणि गृहीत धरतात की त्याचे पुढे जे झाले ते इतरांसारखेच झाले असेल. सिअ‍ॅटलमध्ये हे गृहीतक चालून जाते. बिहारमधून, मराठवाड्यातून किंवा कोकणातल्या वाडीतून आलेला, टाटासमोरच्या पदपथावर नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेतलेला माणूस तपासणीला आला नाही, तर तो बरा झाला म्हणून आला नाही, गाडीभाडे नव्हते म्हणून आला नाही, की गेला म्हणून आला नाही? माझा अनुभव सांगतो की बेपत्ता माणसे इतरांसारखी नसतात. त्यांना तसे धरले की जिना उगाच कमी उताराचा दिसतो.

हे ओळखणारे लोक मुंबईत होते. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातली पहिली. तिची रीत मला आवडते. रुग्णालयांनी माहिती पाठवावी म्हणून ती वाट पाहत बसली नाही. तिचे कर्मचारी रुग्णालयांत जाऊन कागद चाळत आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदींशी ताळा घेत. पुढे जगण्याचे प्रमाण काढायची वेळ आली तेव्हा टपालाने विचारणा झाली, घरोघरी जाऊन चौकशी झाली. अमक्या चाळीत, अमक्या माळ्यावर, दार ठोठावून विचारायचे: तुमच्याकडचे ते पेशंट आहेत का? चाळीत हा प्रश्न विचारणे सोपे असते, शेजारी सगळे सांगतात. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिल्यावर ते तितके सोपे राहिले नसावे.

दाता सख्खा नसेल तर परका. लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने आपल्या अँथनी या मुलासाठी १९७४ साली स्वेच्छा दात्यांची जगातली पहिली मोठी नोंदणी उभी केली. मुलाला दाता मिळाला नाही, नोंदणी त्याच्या नावाने चालू राहिली. भारतात चेन्नईची दात्री २००९ साली निघाली. परक्या दात्याचे गणित आपल्याकडे जातीपाशी अडते. शतकानुशतके जातीतच लग्ने झाल्याने एचएलएच्या जोड्या त्या त्या गटात साचून राहिल्या आहेत. केईएमच्या आवारातल्या रक्तविज्ञान संस्थेने मराठा, पारशी, भिल्ल अशा समूहांतल्या या खुणांवर काम केले, त्यात हे वेगळेपण दिसते. जर्मन माणसाला लाखो जर्मनांच्या यादीत दाता सापडतो. आपल्याकडे यादी लाखांची झाली तरी एखाद्या लहान जातीची त्यातली माणसे शंभरही नसतात. शिवाय परक्याच्या मज्जेचा खर्च लाखांच्या घरात. नाळेच्या रक्ताचा मार्ग १९८८ साली पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी दाखवला. त्यावर इथे विस्ताराने लिहीत नाही, आपल्याकडे त्याच्या जाहिरातीच अधिक झाल्या.

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवले. मामाच्या मुलीशी लग्न इथल्या अनेक जातींत चालते. अशा घरांत चुलत-मावस-मामे भावंडांतही पूर्ण जुळणारा दाता निघण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. वंशावळ विचारणारा डॉक्टर त्यामुळे कधीकधी कर्वेबाईंच्याच वाटेने जात असतो.

आता अर्धे. आई, वडील, पोटचे मूल हे प्रत्येक रुग्णाशी निदान अर्धे जुळतातच, आणि भावंडांपैकी निम्मी अर्धी जुळतात. म्हणजे दाता जवळजवळ प्रत्येकाच्या घरात उभा होता, पण त्याच्याकडे पाहायची सोय नव्हती. अर्ध्या जुळणीत दात्याच्या पेशी इतक्या चवताळत की रुग्ण वाचत नसे. १९९० च्या दशकात इटलीतल्या पेरुजाच्या गटाने त्या लढाऊ पेशी गाळून काढायची महागडी रीत बसवली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दुसरी रीत शोधली आणि २००८ मध्ये तिचे निकाल मांडले. मज्जा दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड द्यायचे. हे १९५० च्या दशकातले औषध, परळच्या कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळणारे आणि या उपचारांच्या मानाने अगदी स्वस्त. रुग्णाचे शरीर पाहून खवळून वाढू लागलेल्या दात्याच्या पेशी त्या घटकेला नेमक्या नाजूक अवस्थेत असतात, त्या मरतात. मूळपेशींजवळ या औषधाचा निचरा करणारे विकर असते, त्या वाचतात. आधी भांडण पेटू द्यायचे आणि मग भांडखोर तेवढे उचलायचे.

निकाल? तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदणीतली तुलना २०१५ साली आली: १९२ अर्ध्या दात्यांचे, १९८२ पूर्ण जुळणाऱ्या परक्या दात्यांचे. जबर पूर्वतयारी केलेल्यांत तीन वर्षांनी जिवंत ४५ टक्के विरुद्ध ५० टक्के, सौम्य तयारीत ४६ विरुद्ध ४४. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाही. पुढे नाळेचे रक्त आणि अर्धा दाता यांत खरोखरची सोडत काढून केलेली चाचणी २०२१ मध्ये छापली गेली. दोन वर्षांनी जिवंत ४६ आणि ५७ टक्के, सरशी अर्ध्यांची. तीस वर्षांपूर्वी उतरंडीच्या तळाशी असलेली आई वर आली.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे. १९८३ चा सख्खा आणि २०१५ चा अर्धा यांची थेट तुलना करण्यात अर्थ नाही. मधल्या काळात बुरशीची औषधे सुधारली, आणि ज्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी एकेकाळी सर्वाधिक प्रत्यारोपणे होत तो रोग २००१ नंतर इमॅटिनिबच्या गोळीने काबूत आला. म्हणजे प्रत्यारोपणाला येणारे रुग्णच बदलले. ‘दात्याचा प्रकार’ हा रकानाही दिसतो तितका एकजिनसी नाही. आईचेच उदाहरण घ्या. पेशी गाळून देण्याच्या इटालियन रीतीत २००८ साली असे दिसले की आईची मज्जा घेतलेले वडिलांची घेतलेल्यांपेक्षा जास्त जगतात. नऊ महिने पोटात वाढवताना आईच्या शरीराला मुलातल्या वडिलांकडच्या खुणांची ओळख झालेली असते, ती ओळख ल्युकेमियाविरुद्ध कामी येते, असा तर्क मांडला गेला. बीजिंगमध्ये पेशी न गाळता देतात. तिथल्या बाराशेहून अधिक रुग्णांचा हिशेब २०१४ साली आला, तर वडील आईपेक्षा बरे आणि तरुण दाता वयस्कापेक्षा बरा. तिथे आईची तीच ओळख भांडणाला कारण ठरते. नाते तेच, तंत्र बदलले की त्याचा भाव बदलतो. या दोन निष्कर्षांतला एकच हाती लागलेला नातेवाईक डॉक्टरशी हुज्जत घालू लागला तर त्याचा दोष नाही.

टाटाचा प्रत्यारोपण विभाग आता परळला नाही, खारघरला आहे. अर्धा दाता निवडताना तिथेही जगभर पाहतात तेच पाहावे लागते: रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का, वय किती, जुने विषाणू कोणते. मुंबईत आठवडाभर राहायला गावाकडून कोण येऊ शकेल, हे ठरवणे घराकडे. बहुधा तरुण भाऊ, मुलगा किंवा चुलत-मामे भाऊ पुढे होतो, रजा टाकून किंवा रोजगार बुडवून. परक्या दात्याला नोंदणीकडून नंतरही विचारणा होते, तब्येत कशी आहे, कंबर दुखते का. तसा आंतरराष्ट्रीय दंडकच आहे. घरातल्या दात्याच्या बाबतीत ही विचारपूस जगभर ढिलीच राहिली. मज्जा दिल्यावर तो रुग्णाच्या फाइलीत नात्याच्या रकान्यापुरता उरतो, आणि रुग्ण दगावला तर ती फाइलही बंद होते. तो मात्र त्याच घरात असतो.